व्यवस्थापन पदवीतील स्वतंत्र संशोधन प्रकल्प : स्वरूप, पद्धती आणि जबाबदारी

आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडलेल्या सुरुवातीच्या तुकड्यांची वाट बहुधा ठरलेली असे. डी.एड. करून शिक्षक व्हावे, पोलीस भरतीस उभे राहावे, रेल्वेची अथवा बँकेची परीक्षा द्यावी. घरात दरमहा निश्चित पगार येऊ लागणे हीच त्या पिढीची मोठी मुक्ती होती आणि ती कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. गेल्या काही वर्षांत मात्र हे चित्र पालटत आहे. आपले विद्यार्थी बी.कॉम., बी.बी.ए. करून एम.बी.ए.कडे वळत आहेत. कोणी नियमित महाविद्यालयात शिकतो, तर कोणी नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून ही पदवी घेतो. अशा विद्यार्थ्यांचा दूरध्वनी आम्हांस येतो तो बहुधा अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी, आणि प्रश्न जवळजवळ एकच असतो : "सर, प्रोजेक्टसाठी एखादा विषय सुचवा." काही जण त्यापुढे जाऊन, तयार प्रकल्प कोठे मिळतो, हेही विचारतात.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. ताळेबंद वाचणे हा आमचा विषय नव्हे. तथापि नेमका प्रश्न विचारणे, पुरावा शोधणे, तो पुरावा कोणी व कोणत्या हेतूने दिला हे तपासणे, आणि पुरावा जेवढे सांगतो तेवढेच बोलणे, ही इतिहासाच्या अभ्यासकाची रोजची कामे आहेत. व्यवसायविषयक संशोधनही याच कामांवर उभे असते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने, एम.बी.ए. करणारे आपले माजी विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासाठी या विषयाची क्रमवार मांडणी करण्याचे आम्ही ठरविले.

प्रकल्पाचे दोन प्रकार

एम.बी.ए.च्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला साधारणतः दोन प्रकारचे प्रकल्प भेटतात. पहिला उन्हाळी सुट्टीतील कार्यानुभवाचा. विद्यार्थी सहा ते आठ आठवडे एखाद्या कंपनीत जातो, तेथे नेमून दिलेले काम करतो आणि त्यावर अहवाल लिहितो. दुसरा प्रकार स्वतंत्र संशोधन प्रकल्पाचा किंवा लघुप्रबंधाचा. येथे प्रश्न विद्यार्थ्याने निवडायचा, माहिती त्यानेच गोळा करायची, निष्कर्ष त्यानेच काढायचा आणि तोंडी परीक्षेत त्यानेच त्याचे समर्थन करायचे. मार्गदर्शक असतात; पण ते दिशा दाखवितात, चालत नाहीत. गुण, पृष्ठसंख्या आणि मुदती यांचे नियम विद्यापीठागणिक निराळे असल्याने ते ज्याने त्याने आपल्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत पाहावेत.

आमच्या मते आपल्या मुलांच्या दृष्टीने दुसऱ्या प्रकाराचे मोल विशेष आहे. कंपनीतील चांगला कार्यानुभव मिळण्यासाठी ओळख लागते. ज्याचा मामा व्यवस्थापक आहे त्याला पत्र लवकर मिळते; ज्याचे वडील बांधकामावर मिस्त्री आहेत त्याला प्रवेशद्वारावरच थांबावे लागते. स्वतंत्र संशोधनास कोणाच्या शिफारसपत्राची गरज नसते. बाजार सर्वांना खुला आहे, शासनाचे अहवाल सर्वांना खुले आहेत, आणि ज्या व्यवसायांची आतली माहिती इतरांना सहजी मिळत नाही असे कितीतरी व्यवसाय आपल्या वस्तीत, आपल्या नात्यागोत्यात चालतात.

विषय नव्हे, प्रश्न

प्रकल्प रखडतो तो बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर. विद्यार्थी 'विषय' घेतो, 'प्रश्न' घेत नाही. 'ग्राहक समाधानाचा अभ्यास', 'ऑनलाइन खरेदीचा अभ्यास' अशी शीर्षके दरवर्षी शेकड्यांनी सादर होतात. त्यांत काय शोधायचे आहे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसते, आणि म्हणून शेवटी 'ग्राहक समाधानी आहेत' एवढेच हाती लागते.

प्रश्न कसा विचारावा याचा उत्तम वस्तुपाठ आपल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अर्थशास्त्रीय लेखनात मिळतो. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे फार लहान आहेत, म्हणून ते एकत्र करून मोठे करावेत, असा तेव्हाचा प्रचलित विचार होता. बाबासाहेबांनी मुळातच विचारले की, लहान म्हणजे कशाच्या तुलनेत लहान? जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. ती कसण्यास भांडवल, अवजारे आणि मनुष्यबळ किती उपलब्ध आहे यावरून ठरते. प्रश्न असा फिरवताच उत्तरही फिरले. शेतीवरील माणसांचा अतिरिक्त भार उद्योगीकरणाने कमी करावा, या निष्कर्षापर्यंत ते पोहोचले. आकडेवारी इतरांजवळही होती. प्रश्नाची नेमकी मांडणी मात्र बाबासाहेबांनी केली.

आता आपल्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दरवर्षी अशोक विजयादशमीच्या सुमारास जनसागर लोटतो आणि पुस्तकांची दुकाने रांगेने लागतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरातील पहिले पुस्तक तेथूनच आलेले आहे. 'आंबेडकरी पुस्तकविक्रीचा अभ्यास' हा विषय झाला. 'दोन-तीन दिवसांच्या विक्रीसाठी लहान विक्रेता कोणत्या पुस्तकाच्या किती प्रती आणावयाच्या हे कशाच्या आधारे ठरवितो, आणि न विकलेल्या मालाचा भार शेवटी कोणावर पडतो?' हा प्रश्न झाला. याला सुरुवात आणि शेवट आहे, तो एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातला आहे, आणि त्याचे उत्तर कोणाच्या तरी उपयोगी पडणारे आहे. प्रश्न पारखण्याच्या याच तीन कसोट्या होत. पुढील विवेचनात आम्ही हेच उदाहरण धरून चालू.

असे प्रश्न आणखीही आहेत. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु उद्योगांकडून माल घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. आपल्या तालुक्यातील लहान पुरवठादारांना प्रत्यक्षात किती दिवसांनी पैसे मिळतात? केंद्र सरकारच्या खरेदी धोरणानुसार मंत्रालये व सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची आहे, आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्क्यांचे उद्दिष्ट आहे. असा उद्योजक नेमका कोणत्या टप्प्यावर अडतो : नोंदणी, निविदेची माहिती, पूर्वानुभवाची अट की खेळते भांडवल? यांपैकी कोणताही एक प्रश्न एका प्रकल्पास पुरून उरेल.

आधी झालेल्या कामाचा आढावा

प्रश्न ठरला की, त्यावर आधी कोणी काय लिहिले आहे हे पाहावे. पुष्कळ अहवालांत हे प्रकरण म्हणजे पुस्तकांच्या नावांची जंत्री असते. वस्तुतः आढाव्याचे काम वेगळे आहे. अमुक एवढे आधीच माहीत आहे, अमुक बाबतीत अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि अमुक जागा अजून रिकामी आहे, हे त्याने दाखवावे. आपला प्रश्न त्या रिकाम्या जागेत बसला पाहिजे.

त्यासाठी पैसे लागत नाहीत. भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंधांचा 'शोधगंगा' हा संग्रह सर्वांना विनामूल्य वाचता येतो. राज्य शासन दरवर्षी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' प्रसिद्ध करते. रिझर्व्ह बँकेची आकडेवारी, उद्योगांची वार्षिक पाहणी, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल, हे सारे घरबसल्या पाहता येते. यास दुय्यम सामग्री म्हणतात. बाबासाहेबांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीचा जो अभ्यास कोलंबिया विद्यापीठात केला, तो प्रामुख्याने अशाच सरकारी अंदाजपत्रकांच्या आणि अहवालांच्या वाचनावर उभा आहे. कागद सर्वांसमोर होते. ते चिकाटीने वाचणारा विरळा होता.

कोणाला विचारावे?

यानंतर प्राथमिक सामग्री, म्हणजे स्वतः गोळा केलेली माहिती. सर्वांना विचारणे शक्य नसते, म्हणून काहींना विचारून सर्वांविषयी अनुमान करावे लागते. हे 'काही' कसे निवडले यावर साऱ्या प्रकल्पाची विश्वासार्हता अवलंबून असते.

याविषयी अमेरिकेच्या इतिहासातील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठविल्या आणि वीस लाखांहून अधिक उत्तरे मिळविली. त्यांवरून त्याने लँडन हे रूझवेल्ट यांचा पराभव करतील असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. चूक संख्येची नव्हती, निवडीची होती. नावे घेतली गेली ती मोठ्या प्रमाणात दूरध्वनीधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून; मंदीच्या काळात ती मंडळी सुस्थितीतील होती. शिवाय उत्तर पाठविण्याची तसदी ज्यांनी घेतली त्यांचीच मते मोजली गेली. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट यांचा विजय बरोबर सांगितला.

आज आपला विद्यार्थी गूगल फॉर्म तयार करून वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो आणि शंभर उत्तरे आली की सर्वेक्षण झाले असे समजतो, तेव्हा तो लहान प्रमाणात तीच चूक करीत असतो. त्याने ओळखीच्यांना विचारलेले असते, बाजाराला नव्हे.

मग किती जणांना विचारावे? संख्याशास्त्राचे एक सर्वमान्य गणित असे : होकार-नकाराच्या स्वरूपाच्या प्रश्नाचे उत्तर ९५ टक्के खात्रीने आणि अधिक-उणे ५ टक्क्यांच्या अचूकतेने हवे असेल, तर मोठ्या लोकसंख्येतून यादृच्छिक पद्धतीने सुमारे ३८४ जण निवडावे लागतात. अधिक-उणे १० टक्के चालणार असेल, तर ९६ पुरतात. म्हणजे चूक निम्मी करावयाची तर कष्ट चौपट. एकूण संख्याच मर्यादित असेल तर आकडा उतरतो. समजा दुकाने एकूण २०० असतील, तर अधिक-उणे ५ टक्क्यांसाठी १३२ पुरतील. शंभर जणांच्या उत्तरांवरून '५२ टक्के लोकांना अमुक हवे आहे, म्हणजे बहुमत आहे' असे लिहिणाऱ्याने हे गणित डोळ्यांसमोर ठेवावे. तेथे खरा आकडा ४२ ते ६२ च्या दरम्यान कोठेही असू शकतो.

दीक्षाभूमीच्या उदाहरणात पहिल्या दिवशी सकाळी सर्व दुकाने मोजावीत, त्यांना क्रमांक द्यावेत, पहिल्या तीन क्रमांकांपैकी एक चिठ्ठी टाकून काढावा आणि तेथून प्रत्येक तिसरे दुकान घ्यावे. यास क्रमबद्ध नमुना निवड म्हणतात. दुकानदार ओळखीचा आहे की नाही, बोलका आहे की अबोल, याचा मग प्रश्नच उरत नाही. एक व्यावहारिक सूचनाही येथे करावीशी वाटते. हा प्रसंग वर्षातून एकदाच येतो. विद्यापीठाच्या वेळापत्रकाशी तो जुळत नसेल तर ६ डिसेंबरची चैत्यभूमी किंवा १४ एप्रिलचा जयंती सोहळा निवडावा. संधी निघून गेल्यावर कल्पनेने तक्ते भरू नयेत.

प्रश्नावली आणि मुलाखत

प्रश्नावली तयार करताना काही पथ्ये पाळावीत. एका प्रश्नात दोन गोष्टी विचारू नयेत. 'पुस्तकाची किंमत आणि छपाई आपणांस समाधानकारक वाटते काय?' या प्रश्नाला किंमत पसंत पण छपाई नापसंत असलेला माणूस काय उत्तर देणार? उत्तर सुचविणारा प्रश्न विचारू नये. उत्पन्न थेट विचारण्याऐवजी गट द्यावेत. पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत अशा पाच पायऱ्यांची जी मोजपट्टी आज सर्वत्र दिसते ती रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडली. ती सोयीची असली तरी प्रत्येक प्रश्नाला तीच लावण्याचे कारण नाही. 'किती प्रती आणल्या?' याचे उत्तर संख्येतच हवे.

भाषेविषयी विशेष सांगावयाचे आहे. महाविद्यालय प्रश्नावली इंग्रजीत मागते, म्हणून विद्यार्थी ती इंग्रजीतच घेऊन बाजारात जातो आणि तेथे तोंडी भाषांतर करीत बसतो. दर वेळी भाषांतर निराळे होते, म्हणजे प्रश्नच निराळा होतो. प्रश्नावली आधी मराठीत, समोरचा बोलतो त्या मराठीत लिहावी. दहा जणांवर करून पाहावी. जेथे लोक अडखळतात ते प्रश्न बदलावेत. आणि अहवालात मराठी व इंग्रजी अशी दोन्ही रूपे जोडावीत. वऱ्हाडीत मोकळेपणाने बोलणारा विद्यार्थी या कामात शहरी विद्यार्थ्याहून सरस ठरतो.

इतिहासाच्या अभ्यासातील एक दंडक येथेही लागू पडतो. प्रसंगाच्या जितक्या जवळचा पुरावा, तितका तो अधिक मोलाचा. 'गेल्या वर्षी किती पुस्तके विकली गेली?' असे विचारल्यास विक्रेता आठवणीने सांगेल, आणि आठवण उत्साहाने फुगते किंवा तोट्याच्या सलाने आक्रसते. त्याऐवजी आणलेल्या गठ्ठ्यांची संख्या पहिल्या दिवशी आणि परत जाणाऱ्या गठ्ठ्यांची संख्या शेवटच्या दिवशी स्वतः पाहून लिहावी. बिलबुक असेल तर परवानगी घेऊन ते पाहावे. गर्दीच्या वेळी विक्रेत्याला प्रश्न विचारून त्याचा धंदा बुडवू नये. तेव्हा फक्त निरीक्षण करावे आणि मुलाखतीसाठी नंतरची वेळ मागून घ्यावी. ही माहिती कशासाठी हवी आहे हे आधी सांगावे, नाव उघड करणार नाही असे वचन द्यावे आणि ते पाळावे. ज्याने आपला हिशोब विश्वासाने दाखविला त्याचा तोटा गावभर सांगणे हा विश्वासघात होय.

आकडे काय सांगतात?

माहिती हाती आल्यावर विद्यार्थी संगणकावर रंगीत वर्तुळालेख काढतो आणि प्रत्येकाखाली 'वरील आकृतीवरून असे दिसते की' असे वाक्य लिहितो. आकृतीत जे दिसते ते वाचकालाही दिसते. विश्लेषण त्यापुढे सुरू होते.

समजा, पाच विक्रेत्यांची विक्री अनुक्रमे ८, ९, १०, ११ आणि ६२ हजार रुपये झाली. सरासरी २० हजार येते. पण पाचांपैकी चौघे २० हजारांच्या जवळपासही नाहीत. क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी संख्या, म्हणजे मध्यक, १० हजार आहे, आणि सामान्य विक्रेत्याची स्थिती तीच सांगते. असमानता मोठी असते तेथे सरासरी फसविते; ही गोष्ट आपल्या समाजाला वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता मूळ प्रश्न : किती प्रती आणाव्यात? व्यवस्थापनशास्त्रात 'वर्तमानपत्र विक्रेत्याचा प्रश्न' या नावाने यावर एक सोपे सूत्र शिकवितात. समजा, १०० रुपयांचे पुस्तक विक्रेत्यास ६० रुपयांस पडते. विकले तर ४० रुपये नफा. न विकले तर ते परत नेऊन पुढे केव्हातरी ४० रुपयांस काढावे लागते, म्हणजे २० रुपये तोटा. नफ्याला नफा-तोट्याच्या बेरजेने भागावे : ४० भागिले ६०, म्हणजे दोन तृतीयांश. याचा अर्थ, तीन वर्षांपैकी दोन वर्षे पुरतील आणि एका वर्षी कमी पडतील, इतक्या प्रती आणणे हिताचे. प्रकाशक न विकलेला माल परत घेत असेल आणि विक्रेत्यास प्रतीमागे केवळ १० रुपये वाहतूक सोसावी लागत असेल, तर ४० भागिले ५०. पाचपैकी चार वर्षे पुरेल इतका भरपूर माल आणता येतो. आणि वस्तू त्या दिवसापुरता काढलेला विशेषांक असेल, जो नंतर रद्दीतच जाणार, तर तोटा पूर्ण ६० रुपयांचा. ४० भागिले १००. मग पाचपैकी दोनच वर्षे पुरेल इतका थोडा माल आणणे शहाणपणाचे.

हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. खरे आकडे विद्यार्थ्याने मैदानातून आणावयाचे. पण पाहा, एवढ्या साध्या गणितातून प्रकाशक आणि विक्रेते दोघांच्याही कामाची गोष्ट हाती येते. विक्रेत्याने जास्त माल आणावा असे प्रकाशकाला वाटत असेल, तर सवलत वाढविण्याइतकाच परतीचा करारही परिणामकारक ठरू शकतो. ज्याच्याजवळ भांडवल कमी आहे त्याला परतीची हमी अधिक बळ देते की नाही, हे मग मुलाखतींवरून तपासता येईल. शिफारस म्हणतात ती अशी पुराव्यातून आणि गणितातून यावी. 'विक्रेत्यांनी जाहिरात वाढवावी' हे वाक्य लिहिण्यासाठी चार महिन्यांचा प्रकल्प लागत नाही.

आणखी एक सावधगिरी. दोन गोष्टी एकत्र वाढताना दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. मोठ्या फलकाच्या दुकानात विक्री अधिक दिसली, तर फलकामुळे विक्री वाढली, की ज्याची विक्री आधीपासून अधिक आहे त्यालाच मोठा फलक परवडला? अशी शंका स्वतःच उपस्थित करून तिचा विचार केलेला अहवाल परीक्षकाच्या मनात आदर निर्माण करतो.

अहवाल आणि तोंडी परीक्षा

अहवालाची मांडणी बहुतेक ठिकाणी ठरलेली असते : प्रस्तावना व उद्दिष्टे, पूर्वीच्या कामाचा आढावा, संशोधन पद्धती, माहितीचे विश्लेषण, निष्कर्ष व शिफारशी. यांत आपल्या अभ्यासाच्या मर्यादा मोकळेपणाने लिहाव्यात. 'हा अभ्यास एका वर्षाचा आणि एका ठिकाणचा आहे, म्हणून त्यावरून साऱ्या राज्याविषयी विधान करता येत नाही' असे लिहिणाऱ्याचे गुण कमी होत नाहीत. तोंडी परीक्षेत विचारले जाते तेही प्रामुख्याने हेच : हाच प्रश्न का घेतला, हीच माणसे का निवडली, हा निष्कर्ष कशावरून काढला? ज्याने उन्हात उभे राहून दुकाने मोजली आहेत त्याला या प्रश्नांची भीती वाटत नाही.

मार्गदर्शकांनी अहवाल दुरुस्तीसाठी परत दिला तर खचून जाऊ नये. 'रुपयाचा प्रश्न' हा बाबासाहेबांचा लंडन येथील प्रबंध १९२२ मध्ये सादर झाल्यानंतर परीक्षकांनी तो पुन्हा लिहावयास सांगितला होता. त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पदवी मिळविली.

विकत घेतलेला प्रकल्प

आता कटू पण आवश्यक बोलावयाचे आहे. अनेक शहरांत महाविद्यालयांच्या आसपास झेरॉक्स व बाइंडिंगच्या दुकानांतून तयार प्रकल्प काही हजार रुपयांत मिळतात. नाव बदलले, सोनेरी अक्षरे उमटविली की झाले. अलीकडे संगणकाकडून पानेच्या पाने लिहवून घेण्याची सोयही झाली आहे. मजुरी करून पैसे पाठविणारे आईवडील 'फी' म्हणून ही रक्कम देतात, आणि ती कशासाठी गेली हे त्यांना कळत नाही.

नियमांची बाजू आधी पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम केले. त्यांनुसार प्रबंधातील मजकुराचे साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्षपर्यंत सुधारित प्रत देण्यास मनाई. आणि त्याहून अधिक असेल तर नोंदणीच रद्द होते. तपासणीची साधने आता महाविद्यालयांत उपलब्ध आहेत.

परंतु शिक्षेच्या भीतीहून मोठे कारण आहे. नोकरीच्या मुलाखतीत नव्या एम.बी.ए. उमेदवाराजवळ अनुभव नसतो. म्हणून हमखास विचारले जाते ते प्रकल्पाविषयी. तेथे विकतचा प्रकल्प दोन मिनिटांत उघडा पडतो. आणि आपला मुलगा उघडा पडतो तेव्हा त्याच्या एकट्याची अप्रतिष्ठा होऊन भागत नाही. 'हे लोक आरक्षणाने येतात, यांना काही येत नाही' असे आधीच ठरवून बसलेल्यांच्या हाती आपण होऊन पुरावा दिला जातो. इतरांची मुलेही प्रकल्प विकत घेतात हे खरे. पण त्यांच्या गुणवत्तेवर त्यामुळे कोणी शंका घेत नाही. हा अन्याय आहे, आणि तो बोलून दाखविलाच पाहिजे. तरीही आपली मान ताठ ठेवणारे काम आपणच करावयाचे आहे. स्वतः केलेला साधा प्रकल्प, त्यातील उणिवांसह, विकतच्या सोनेरी प्रकल्पाहून शतपटीने मोलाचा असतो.

माजी विद्यार्थी व पालक यांस विनंती

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी आज स्वतःचे व्यवसाय उभे केले आहेत. कोणाचे मंडप-डेकोरेशन आहे, कोणी विद्युत कंत्राटदार आहे, कोणी छपाईचा कारखाना चालवितो, आपल्या अनेक भगिनी बचत गट चालवितात. त्यांना आमची विनंती आहे की, या शाळेचा एखादा विद्यार्थी प्रश्नावली घेऊन आला तर त्याला एक तास द्यावा, शक्य असल्यास मागील दोन-तीन वर्षांचा हिशोब दाखवावा, आणि त्याने जे शोधून काढले ते ऐकूनही घ्यावे. ज्या सल्ल्यासाठी मोठ्या कंपन्या पैसे मोजतात तो आपल्याला आपल्याच मुलाकडून मिळू शकतो.

पालकांनी प्रकल्पासाठी मुलाने पैसे मागितल्यास ते कशासाठी हवेत हे जरूर विचारावे. प्रवास, छपाई, झेरॉक्स यांसाठी खर्च होतोच. मात्र चार महिने मुलगा-मुलगी कोठे गेली, कोणाला भेटली, काय कळले, हेही जेवताना विचारावे. आईला समजेल अशा मराठीत ज्याला आपला निष्कर्ष सांगता येतो त्याला तो खरोखर समजलेला असतो.

शेवटी एक प्रस्ताव. आपल्या शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट माजी विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रकल्पांसाठी राखावे असे आम्हांस वाटते. एम.बी.ए., एम.कॉम., अभियांत्रिकी, समाजकार्य, कोणत्याही पदवीसाठी ज्यांनी स्वतः प्रकल्प केला आहे त्यांनी त्याची एक प्रत तेथे द्यावी, आणि सोबत एका पानावर साध्या मराठीत लिहावे : प्रश्न काय होता, माहिती कशी मिळविली, काय आढळले, काय राहून गेले. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तेथूनच सुरुवात करील आणि राहून गेलेले पुढे नेईल. आज नववी-दहावीत शिकणाऱ्या मुलामुलींना ते कपाट रोज दिसेल. प्रती शाळेच्या कार्यालयात वर्षभर केव्हाही स्वीकारल्या जाव्यात, अशी सूचना आम्ही संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना या लेखाद्वारे करीत आहोत.